पाठकोरे कागद

कॉलेजातल्या जुन्या रसायनशाळेच्या दारावर आता 'अभिलेखागार' अशी पाटी आहे. पाटी लागली त्या दिवशी हेडक्लार्क साहेब तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "शब्द भारी आहे, पण तोंडात मावत नाही. आपण दप्तरखाना म्हणू." तेव्हापासून आम्ही दोघं दप्तरखाना म्हणतो आणि मॅडम आम्हाला रोज सुधारतात.

मॅडम इतिहास शिकवतात. वयानं माझ्या लेकीएवढ्या. कॉलेजला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार, तर जुने कागद गोळा करा, त्यांची नोंद करा आणि बघण्यासारखे असतील त्यांचं एक प्रदर्शन मांडा, असं काम संस्थेनं त्यांच्या गळ्यात घातलं. खोली दिली, लोखंडी कपाटं दिली, माणूस मात्र एकही दिला नाही. मग मॅडमनी आम्हा निवृत्त मंडळींना गाठलं. बोलावलं बऱ्याच जणांना. कोणाचे गुडघे आडवे आले, कोणाची नातवंडं, कोणाची दुपारची झोप. टिकलो आम्ही दोघंच.

हेडक्लार्क साहेबांना मुलं 'खळसाहेब' म्हणायची. फाटका कागद दिसला की त्यांचा हात खळीच्या डब्याकडे गेलाच. मैद्याची खळ, घरी शिजवलेली, त्यात थोडा मोरचूद, म्हणजे किडा लागत नाही. कागदामागे पुठ्ठा चिकटवायचा, वर जाडजूड पुस्तकं ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी कागद ताठ. ऑफिसात त्यांच्या हाताखालून गेलेला एकही कागद वाकत नसे. मला मुलं 'बाटलीमामा' म्हणायची, कारण मी याच रसायनशाळेत बाटल्या आणि परीक्षानळ्या धुवायला होतो. आपल्याला काय म्हणतात ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दुसऱ्याचं नाव आपल्यापेक्षा वाईट आहे याचं दोघांनाही समाधान होतं.

सकाळी ऊन खिडकीतून आत आलं की आम्ही कामाला लागायचो. खोली तीच होती. उंच टेबलं तीच, त्यांच्यावर आम्लानं पडलेले काळे डाग तेच. कोपऱ्यातली मोरी बुजवली होती, पण नाक मोठं वस्ताद. पावसाळी हवा असली की मला तिथे अजून अमोनियाचा वास यायचा. मॅडम म्हणायच्या, "मामा, मला तर काहीच येत नाही." साहेब म्हणायचे, "त्याला येणारच. त्याच्या अंगातूनच येतोय."

काम संथ चालायचं. प्रवेशाचे अर्ज, हजेरीपट, वेळापत्रकं, धावण्याच्या शर्यतींचे फोटो. एकेक कागद झटकायचा, टाचण्या काढायच्या, गंजाचा डाग किती खोल गेलाय ते बघायचं, मॅडमनी दिलेल्या पातळ कागदात गुंडाळायचा. टाचण्या काढणं माझ्याकडे. साहेब कागद वाचत बसायचे. एखाद्या अर्जावरचा फोटो बघून म्हणायचे, "हा बघ. हा आता न्यायाधीश आहे. इथे मागच्या दारानं पळायचा."

"तुम्ही धरलंत का कधी त्याला?"

"धरलं की. म्हणून तर न्यायाधीश झाला."

असं करता करता एके दिवशी वरच्या फळीवरून एक पत्र्याची पेटी खाली आली. गंजलेली, कडी तुटलेली. मॅडमनी झाकण उघडलं, वरचं पान उचललं आणि त्या खालीच बसल्या, स्टुलाकडेही न बघता.

"उत्तरपत्रिका आहेत," त्या म्हणाल्या. "परीक्षेच्या. साहेब, या राहिल्या कशा?"

साहेबांनाही उलगडेना. निकाल लागला की उत्तरपत्रिका रद्दीत जायच्या, हा नियमच होता. कुठल्याच कॉलेजात जुन्या उत्तरपत्रिका सापडत नाहीत, असं मॅडम सांगत होत्या. मुलं काय शिकली ते पुस्तकांवरून कळतं, पण त्यांच्या डोक्यात काय उतरलं ते इथेच दिसतं. बोलता बोलता त्यांनी पान पालटलं आणि त्या थांबल्या.

"मागे हे काय आहे? पेन्सिलीनं कोणीतरी गिरवलंय."

मी दुरूनच ओळखलं. पानाच्या कोपऱ्यात किल्लीचं चित्र होतं. "तो आपला रात्रीचा पहारेकरी," मी म्हणालो. "ही त्याची खूण."

मग मला सगळं सांगावं लागलं.

त्या काळी गणिताचे एक सर होते. एकटा जीव. संध्याकाळी कॉलेज सुटलं की ते रसायनशाळेत मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. कॉलेजचा त्याच्याशी संबंध नव्हता, प्राचार्यांनी फक्त तोंडी हो म्हटलं होतं. रसायनशाळा एवढ्यासाठी की इथले दिवे सगळ्यात चांगले होते. आम्ही कोण, तर पहारेकरी, माळी, समोरच्या गल्लीतला शिंपी, वसतिगृहात काम करणाऱ्या दोन बायका, मी. उंच स्टुलांवर बसायचो, पाय लोंबकळत. माळी म्हणायचा, "शाळेत जात नव्हतो तेव्हाच बरं होतं, पाय तरी जमिनीला टेकायचे."

वह्या कोणाकडे नव्हत्या. सरांनीच वाट काढली. परीक्षेत पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, असा आमच्या कॉलेजचा कडक नियम होता. कागद पातळ, शाई पलीकडे फुटायची आणि तपासणाऱ्याला त्रास व्हायचा. त्यामुळे प्रत्येक उत्तरपत्रिकेचं प्रत्येक पान पाठकोरं. रद्दीवाला यायच्या आधी सर त्यातली बरी पानं काढून ठेवायचे आणि कोरी बाजू आमच्यापुढे यायची. पुढच्या अंगाला कोणीतरी शाईनं राज्यकारभार लिहिलेला, मागच्या अंगाला आम्ही पेन्सिलीनं 'क' काढतोय. सुरुवातीला नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकानं कोपऱ्यात आपली एक खूण काढायची. पहारेकऱ्याची किल्ली, शिंप्याची कात्री, माझी बाटली. वर्ग संपला की सर पानं गोळा करून आपल्या पेटीत ठेवायचे. कोणाची किती प्रगती झाली ते बघायला त्यांना ती लागायची.

"आणि तुमची पानं यात असतील?" मॅडमनी विचारलं.

"असतील. हिचीही असतील."

"कोणाची?"

"आमच्या घरच्यांची."

आमची ही पहिल्यांदा आली ती मला डबा द्यायला. दाराशी उभी राहून बघत होती. सर म्हणाले, बाई, आत या. ती म्हणाली, मी कशाला. सर म्हणाले, उभं राहून पाय दुखतील, त्यापेक्षा बसा. बसली ती बसलीच. खूण काढायची वेळ आली तेव्हा तिनं शिडी काढली. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या. मी विचारलं, शिडीच का? तर म्हणाली, "सोपी आहे म्हणून. तुमच्यासारखी बाटली गोल करत बसले तर लिहायचं कधी?" माझ्यापेक्षा ती भराभर शिकली. घरी परत जाताना रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची आणि मी अडखळलो की पुढे चालू लागायची. मागे वळून बघायची नाही. मी अक्षरं जुळवून तिला गाठेपर्यंत ती पुढच्या पाटीखाली उभी असायची, हाताची घडी घालून.

सरांची बदली झाली, वर्ग मोडला आणि पेटी इथेच राहून गेली. पुढे ती वाचायची खूप, हाताला लागेल ते वाचायची. लिहिलं मात्र नाही. म्हणायची, "लिहू कोणाला? सगळी माणसं तर हाकेच्या अंतरावर आहेत." बँकेत सही करायची तेवढीच. ती गेली तेव्हा घरभर तिच्या वस्तू होत्या, पण तिच्या हातची एक ओळ कुठे नव्हती. लेकीनं त्या वेळी कपाटं उलटीपालटी केली होती. ती अजून म्हणते, "बाबा, आईचं अक्षर कसं होतं, मला आठवतच नाही." आठवणार कसं, तिनं पाहिलंच नव्हतं.

म्हणून त्या दिवशी मी टाचण्या बाजूला ठेवून पेटीशी येऊन बसलो. मॅडमच्या लक्षात आलं. आम्ही दोघांनी वरची पानं एकेक करून पाहिली. किल्ली, कात्री, पुन्हा किल्ली, माझ्या दोन बाटल्या. एक तर इतकी वाकडी होती की साहेब म्हणाले, "ही फुटली वाटतं धुताना." शिडी निघाली नाही. खालच्या गठ्ठ्यातली पानं ओलीनं एकमेकांना धरून बसली होती, आणि तळाला कसरीनं अर्धी पानं खाल्ली होती. मॅडम म्हणाल्या, "मामा, घाई नको. सुकू दे. सावकाश सोडवू."

नेमकं त्याच वेळी लेकीकडे आजारपण निघालं आणि मला तिच्याकडे जाऊन राहावं लागलं. तिला मी पेटीचं सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली. "मिळालं तर मला लगेच कळवायचं. फोटोबिटो नको, मी येणार बघायला."

परत आलो तो तडक कॉलेजात. दप्तरखान्यात साहेब एकटेच होते, बाह्या सरसावून, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. "ये, ये. बघ," ते म्हणाले.

टेबलावर पुठ्ठे ओळीनं मांडले होते. प्रत्येक पुठ्ठ्यावर एकेक उत्तरपत्रिकेचं पान, ताठ, सपाट, सुरकुती नाही. फाटलेली, विरलेली जेवढी पानं होती तेवढी त्यांनी सगळी चिकटवली होती. शाईची बाजू वर.

मी विचारलं, "साहेब, आणि मागची बाजू?"

"मागची कसली? मागे तर ते गिरवलेलं होतं."

माणूस हुशार. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. खुर्ची ओढून बसले.

मॅडम तासावरून आल्या. पुठ्ठे पाहिले. रागावल्या नाहीत, पण आवाज अगदी हळू झाला. "साहेब, मी पातळ कागदात ठेवा म्हटलं होतं."

"पोरी, पान हातात घेतलं की तुकडे पडत होते. मला वाटलं, वाचवतोय."

"वाचवलंतच. फक्त..."

न चिकटवलेली पानं मी पुन्हा पाहिली. शिडी कुठेच नव्हती. तेव्हा साहेब खाली बघत म्हणाले, "शिडी होती. एका पानावर. मी मनात म्हटलंही, हे काय काढलंय. ही तिची खूण, हे डोक्यातच आलं नाही. खळ लावायच्या आधी पाहिली मी."

"कुठल्या?"

त्यांनी बोटानं दाखवलं. मधलंच पान. गठ्ठ्यात होतं तेव्हाच शाईची बाजू वाचून मॅडमनी प्रदर्शनात सगळ्यात पुढे ठेवायचं म्हणून निवडलेलं.

खळ मैद्याची होती, पाण्यानं सुटली असती. मी बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "सुटेल. पण शाईचं काय होईल ते बघू." एका फुकट गेलेल्या तुकड्यावर त्यांनी बोटानं पाण्याचा थेंब सोडला. निळी अक्षरं फुगली, फुटली, आणि थेंबाबरोबर पसरली. पेन्सिलीच्या रेघेवर सोडला, ती हलली नाही. शेजारी शेजारी दोन्ही ठेवून आम्ही बघत राहिलो. पान भिजवलं तर तिचं लिहिणं हाती येईल, आणि पुढचं वाहून जाईल.

मॅडमनी तो तुकडा टिपून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मामा, प्रदर्शनाला दुसरं पान लावता येईल मला. याचा फोटो काढून ठेवते आधी. तुम्ही म्हणाल तसं करू."

साहेब लगेच म्हणाले, "भिजव. मी सांगतो ना, भिजव. कोण कुठला पोरगा, नापास झालेला. त्याच्या उत्तराला काय सोनं लागलंय?"

मी ते पान उजेडाशी नेलं आणि वाचलं. प्रश्न राज्यकारभाराचा होता. उत्तर चार ओळी बरं चाललं होतं, मग अडखळलं. त्याखाली मुलानं लिहिलं होतं: 'सर, याच्या पुढचं पाठ होतं. सकाळपर्यंत येत होतं. इथे बसल्यावर गेलं. खरं सांगतो.' बाजूला तपासणाऱ्यानं लाल शाईत लिहिलं होतं: 'माझंही असंच व्हायचं. अर्धा गुण.'

मला हसू आलं, आणि मग हसवेना. तो मुलगा आता म्हातारा असेल, किंवा नसेलही. नाव नव्हतं, नुसता बैठक क्रमांक. त्याच्याही घरात कोणीतरी कपाटं उलटीपालटी केली असतील. आपल्या माणसाची ओळ मिळावी म्हणून मी दुसऱ्या कोणाच्या माणसाची ओळ पाण्यात सोडायची, हे मनाला पटेना. आणि ही काय म्हणाली असती तेही दिसत होतं. ती हाताची घडी घालून पाटीखाली उभी राहिली असती, मी बरोबर वाचेपर्यंत.

"नको," मी म्हणालो. "भिजवायचं नाही."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काही नाही. आहे तसं राहू दे. आत आहे हे तर माहीत आहे."

घरी गेलो. लेकीला कळवलं नाही. काय कळवणार? सापडलं, पण भिंतीआड आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर साहेब माझ्या आधी हजर. समोर तो पुठ्ठा पालथा घातलेला, खाली टीपकागदाची गादी, हातात दाढीचं ब्लेड.

"साहेब, काय करताय?"

"गप बस. उजेडात येऊ नकोस."

ते पुठ्ठा मागून सोलत होते. पुठ्ठा म्हणजे काय, कागदावर कागद चिकटवून दाबलेले थर. एक कोपरा ब्लेडनं उचलायचा, मग बोटानं धरून सावकाश, आडवा ओढायचा, की एक पापुद्रा निघून येतो. मी थक्क होऊन विचारलं, हे कुठे शिकलात? तर म्हणाले, "मुलांची ओळखपत्रं फाटायची, भिजायची. त्यावरचा फोटो मी असाच सोडवून नव्यावर लावायचो. गरीब मुलांना पुन्हा फोटो काढायला कुठे लावायचं? ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. फोटोमागचा पुठ्ठा जाड असायचा. हा त्याहून जाड आहे. मीच आणला, चांगला म्हणून."

"पण पान फाटलं तर?"

"फाटलं तर तू मला या वयात शिव्या दे. आत्तापर्यंत साहेब म्हणत आलास, त्यात दोन चार मिसळ."

मॅडमनी पाहिलं, साहेबांचे हात किती स्थिर आहेत ते पाहिलं, आणि होकार दिला. एक अट घातली: दमलात की थांबायचं. मग रोज सकाळी तेच चाललं. साहेब सोलायचे, मी पापुद्रे उचलून बाजूला करायचो, आणि मॅडम येता जाता भिंग धरून बघायच्या. साहेबांची बडबड बंद झाली होती, ती खोली इतकी शांत मी नोकरीतही पाहिली नव्हती. एकदा ब्लेड थांबवून ते म्हणाले, "तुझी बायको मला एकदा बोलली होती. मी तुझी रजा अडवली होती तेव्हा. ऑफिसात येऊन, सगळ्यांसमोर."

"काय म्हणाली?"

"ते जाऊ दे. रजा मंजूर केली मी."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारत राहिलो, त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ब्लेड आणखी हळू फिरायला लागलं.

पुठ्ठा पातळ होत गेला. पिवळा जाऊन पांढुरका आला, आणि मग एके दिवशी त्या पांढुरक्यातून करड्या रेघांची सावली दिसू लागली. दोन उभ्या, मध्ये आडव्या. साहेबांनी ब्लेड खाली ठेवलं. "बोलाव लेकीला," ते म्हणाले.

लेक दुसऱ्या सकाळी आली. अजून अशक्त होती, जिना चढून धापा टाकत आत शिरली. साहेबांना म्हणाली, "काका, तुम्हीच चिकटवलंत ना?"

"हो. आणि मीच सोडवलं. आधी कोणतं धरायचं ते तू ठरव."

"दोन्ही धरते," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

शेवटचा एक पापुद्रा राहिला होता, कांद्याच्या सालीएवढा. त्याला खळ आणि खळीला पेन्सिल चिकटलेली. साहेबांनी कोपऱ्यात ब्लेड टेकवून पाहिलं आणि टोकाला करडी भुकटी लागलेली मॅडमना दाखवली. आणखी खरवडलं तर पापुद्र्याबरोबर तिचं अक्षरही निघून येणार होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"थांबवा," मी म्हणालो. "सालीतून दिसेल तेवढं बघू."

मॅडमनी पान दोन काचांमध्ये धरलं आणि खिडकीशी नेलं. ऊन त्यातून आरपार आलं. त्या मुलाची शाई उलटी दिसत होती, निळी, फिकट. तिच्यावरून, तिच्यामधून, सुलटी, करडी, ठसठशीत अक्षरं. मोठी मोठी. प्रत्येक अक्षर वेगळं बसवलेलं, जसं ती ताटं मांडायची, एकाला एक लागू न देता. माझ्या डोळ्यांना ती लागेनात. लेकीनं काचेला नाक लावलं आणि वाचायला लागली. सरांनी त्या दिवशी सांगितलं असावं, आज काय केलं ते लिहा.

"'आज कपडे धुतले. नळाला पाणी बारीक होतं. शेजारीण भांडली.'" लेकीनं काचेवर बोटानं पुढची ओळ धरली. "'मी नाही भांडले. मला वर्गाला यायचं होतं.'"

साहेब म्हणाले, "पुढे?"

"आहे अजून एक ओळ. 'घरी गेल्यावर...' आणि मग दिसत नाही. खळीचा गोळा आहे वर."

"घरी गेल्यावर काय?"

"दिसत नाही, काका. तुमचाच गोळा आहे."

मॅडमनी भिंग लावून पाहिलं. नाहीच दिसत. त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर स्वयंपाक करायचा आहे, असं असेल."

"छे," साहेब म्हणाले. "मला तिचा अनुभव आहे. घरी गेल्यावर भांडेन. लिहून ठेवा."

लेक एवढी हसली की तिला खोकला लागला, आणि खोकता खोकता डोळे पुसायला लागली. "हो, आईच ती," ती म्हणाली. "वेळ काढून भांडायची."

मी ती संध्याकाळ आठवायला बघत होतो. अशा कितीतरी संध्याकाळी होत्या, सगळ्या एकसारख्या. दिवे, लोंबकळणारे पाय, माळ्याचे विनोद, आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर ती, ओठ मुडपून, पेन्सिल घट्ट धरून. तिनं हे लिहिलं तेव्हा मी तिच्या हाताएवढ्या अंतरावर बसलेलो होतो. वळून पाहिलं असतं तर वाचलं असतं. पण मला तेव्हा एवढं भराभर वाचता येत नव्हतं.

साहेबांनी पुन्हा ब्लेड उचललं. "तेवढा गोळा काढून बघू का? अगदी अलगद?"

"नको," मी म्हणालो.

मॅडम नोंद करायला बसल्या. पानाची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, यावर साहेबांचं आणि त्यांचं थोडं वाजलं. शेवटी मॅडमनी दोन नोंदी केल्या, एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. एकीत परीक्षार्थी, नाव अज्ञात. दुसरीत त्यांनी मला हिचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, आणि ते मी लिहिलं.

लेक अजून खिडकीशीच होती, काच धरून. "मी थोडा वेळ बसते इथे," ती म्हणाली. साहेबांनी आपलं स्टूल तिला दिलं आणि आम्ही तिघं पुढच्या गठ्ठ्याकडे वळलो.